गेयर-अँडरसन मांजरीची प्रतिकृती: घडण पसंत, धातू नापसंत

लंडनला लेकीकडे गेलो होतो तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये गेयर-अँडरसन मांजरी या प्राचीन इजिप्शियन मूर्तीसमोर पाऊण तास उभा होतो. आम्ही मूळचे ओतारी. आजोबा पितळी देव आणि घंटा ओतायचे, मीही तीस वर्षं भट्टीपाशी काढली. त्यामुळे इ.स.पू. 600 च्या सुमाराची, 42 सेंटिमीटर उंचीची ती ब्रॉन्झची मांजरी पाहताना माझी नजर आधी सांधा शोधत होती. तो सापडला नाही. मातीचा गाभा, त्यावर मेण, वरून पुन्हा माती. तापवलं की मेण वाहून जातं आणि त्या जागी धातूचा रस ओततात. आमच्याकडेही हीच रीत. गाभा हलू नये म्हणून तेव्हाच्या कारागिरांनी पिना ठोकल्या होत्या, त्यांचे अवशेष क्ष-किरणांत अजून दिसतात. 85 टक्के तांबं, 13 टक्के कथील, थोडं आर्सेनिक. शेपटीवरचे पट्टे तर वेगळ्या मिश्रणाच्या धातूचे आहेत! रस ओतण्याचं काम ज्यानं केलंय त्याला विचारा ही काय करामत आहे ते.

घरी आल्यावर एका ऑनलाइन दुकानातून तिची 20 सेंटिमीटरची प्रतिकृती मागवली. 4,200 रुपये. वर्णनात ‘ब्रॉन्झ’ असं स्वच्छ लिहिलं होतं. खोका उघडून हातात घेतली आणि वजनावरूनच समजलं. टिचकी मारली, तर नाद नाही, नुसतं टक्क. रेझिन आहे, वरून ब्रॉन्झचा रंग. फोन केला तर म्हणाले, ब्रॉन्झ म्हणजे फिनिश. हे चूक आहे. रेझिन विकायला माझी काही हरकत नाही, पण तसं लिहा.

तरीही मी ती परत पाठवली नाही, कारण बसण्याची ढब अचूक उतरली आहे. पुढचे पाय सरळ, खांदे किंचित वर, मान लांब, कान पुढे. शेपटी उजव्या अंगानं पुढे येऊन पायापाशी टेकलेली. घरातली मांजर दारात बसून रस्त्याकडे बघते ना, अगदी तशी. माझ्या पाच वर्षांच्या नातीनं पाहिल्याबरोबर ‘माऊ!’ म्हणून हाक मारली. प्राचीन इजिप्तच्या भाषेत मांजराला ‘मिऊ’च म्हणत. हे तिला सांगितल्यापासून ती मूर्तीशी त्याच नावानं बोलते.

खरी चूक डोक्यावर आणि छातीवर झाली आहे. मूळ मूर्तीच्या डोक्यावर शेणकिडा कोरलेला आहे, छातीवर पंख पसरलेला दुसरा. शेणाचा गोळा लोटत नेणारा हा किडा इजिप्शियन लोकांना उगवत्या सूर्याचं रूप वाटायचा, आणि ही मांजरी म्हणजे बास्तेत देवी, सूर्यदेव रे याची लेक. गळ्यात होरस या देवाचा डोळा आहे, रक्षणासाठी. प्रतिकृतीत डोक्यावर नुसतं टेंगूळ आहे आणि डोळ्याच्या जागी गोल लॉकेट. अशा मूर्ती लोक देवीला अर्पण करायचे, काही पोकळ मूर्तींत तर मांजराची ममी ठेवत. या खुणा गेल्या की देवी जाते आणि उरते दिवाणखान्यातली एक काळी मांजर. साचा करणाऱ्यानं मूळ मूर्तीचे चार चांगले फोटो जरी समोर ठेवले असते तरी हे टळलं असतं.

सोबतच्या पत्रकात ‘इजिप्शियन लोक मांजरांची पूजा करत’ एवढं एकच वाक्य आहे. फार अपुरं आहे ते. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की घरातलं मांजर मेलं की घरचे सगळे भुवया काढायचे आणि मेलेलं मांजर बास्तेतच्या बुबास्तिस या शहरात नेऊन पुरत. एका रोमन माणसानं मांजर मारलं तेव्हा जमावानं त्याला सोडलं नाही, हे डायोडोरस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकारानं स्वतः पाहिलं होतं. माझी आजी म्हणायची, हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. ते ऐकलेल्या माणसाला हा राग परका वाटत नाही. पण त्याच इजिप्तमध्ये देवळांना वाहायच्या ममींसाठी मांजरं मुद्दाम पाळली जात आणि कोवळ्या वयात मान मोडून मारली जात. ममींच्या क्ष-किरण तपासणीत ते दिसलं आहे. 1890 मध्ये असल्या ममींचे सुमारे 19 टन लिव्हरपूलला आले आणि खत म्हणून विकले गेले. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. घेणाऱ्याला हेही कळायला हवं.

पॅकिंग उत्तम, कानाची टोकंसुद्धा शाबूत आली. पाचपैकी तीन तारे, तिन्ही घडणीला.

कुणी घेणार असाल तर एक सांगतो. मूळ मूर्तीच्या कानांत आणि नाकात सोन्याची वळी आहेत. इथे ती कानालाच चिकटवून ओतली आहेत आणि रंगही पिवळा फटक. मी ती बारीक कानशीनं घासून काढली, एक मिलिमीटरच्या ड्रिलनं हातानंच भोकं पाडली आणि पितळेच्या तारेची वळी घातली. रेझिन तापतं, म्हणून ड्रिल सावकाश फिरवा आणि मधे मधे थांबा. नाकातलं वळं शेवटी घाला, तिथली भिंत पातळ आहे.