अथेन्सचे ‘मेलिना’ कॅफे : कॉफीसाठी नव्हे, भिंतींसाठी

अथेन्सच्या प्लाका या जुन्या वस्तीत, लिसिऊ रस्त्यावर असलेल्या ‘मेलिना’ या कॅफेत केवळ कॉफी पिण्यासाठी मुद्दाम जाण्याचे कारण नाही, कारण तशी कॉफी त्या परिसरात इतरत्रही मिळते; परंतु मेलिना मर्कुरी (१९२०–१९९४) या अभिनेत्रीविषयी ज्यांना कुतूहल आहे, त्यांनी येथे निवांत वेळ काढून जावे, आणि शक्यतो आत बसावे. भिंती मर्कुरींच्या छायाचित्रांनी भरलेल्या आहेत. ग्रीक कॉफी मागवताना साखर बेताची हवी असल्यास ‘मेत्रिओ’ म्हणावे आणि गाळ तळाशी बसेपर्यंत थांबावे. तेवढ्या वेळात भिंती पाहून होतात.

‘नेव्हर ऑन संडे’ (१९६०) या पिरेअस बंदरात घडणाऱ्या चित्रपटातील भूमिकेसाठी मर्कुरींना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला आणि त्यात त्यांनी गायलेले गीत जगभर पोहोचले. मैत्रीण देस्पो दियामांतीदू त्या चित्रपटात त्यांच्यासोबत होत्या आणि त्याच कथेवरील न्यूयॉर्कच्या संगीतिकेतही. ही संगीतिका रंगमंचावर असतानाच, १९६७ साली, ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. मर्कुरींनी उघड विरोध केला, तेव्हा त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि मालमत्ता जप्त झाली. त्या गप्प बसल्या नाहीत. देशोदेशी बोलत आणि गात राहिल्या. राजवट कोसळल्यावर त्या मायदेशी परतल्या, आणि १९७७ साली खासदार म्हणून निवडून आल्या त्या पिरेअसमधूनच! नटीला राजकारणातले काय कळते, असे विचारणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला तरी ठाऊक नाही.

१९८१ साली त्या ग्रीसच्या पहिल्या महिला सांस्कृतिक मंत्री झाल्या आणि अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरील पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने परत करावीत, ही मागणी त्यांनी जगापुढे मांडली. लंडनच्या संग्रहालयांत पडून असलेल्या वस्तूंविषयीची ही तळमळ मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणूनच माझी शिफारस अशी, की अक्रोपोलिस संग्रहालय पाहण्याआधी येथे यावे, नंतर नव्हे. २००९ साली खुल्या झालेल्या त्या संग्रहालयाच्या सर्वांत वरच्या दालनात, मूळ शिल्पांच्या रांगेत, लंडनमधील तुकड्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती बसवलेल्या आहेत. कॅफेतून तेथे पायी सहज जाता येते.