सेप्टिक टँक ठेवायचा की पालिकेच्या लाईनला जोडायचं? ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांसाठी

गल्लीत मलवाहिनी येऊन पडली, मॅनहोलवर झाकण बसलं, की काही दिवसांनी जोडणीची नोटीस येते आणि सोसायटीच्या सभेत दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, 'इतकी वर्षं टाकीवर चाललंय, आता कशाला खर्च?' दुसऱ्या बाजूला टाकी उपसणाऱ्या टँकरवाल्याच्या फेऱ्यांचा वैताग आलेला असतो. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. निर्णय मात्र बहुतेक वेळा तिसऱ्याच गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे लेव्हल, दोन्हीकडच्या पाईपांची उंच-सखल पातळी. तिच्याकडे येऊच.

आधी नोटिशीचं. ती कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीने येत नाही. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार, पालिकेची वाहिनी मिळकतीपासून शंभर फुटांच्या आत असेल तर जोडणी करायला सांगण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. म्हणजे लाईन दारात असेल तर 'जोडायचं की नाही' हा प्रश्न फार काळ आपल्या हातात राहत नाही. कधी, कसं आणि कोणत्या बाजूने, एवढंच उरतं. मला ही सक्ती योग्य वाटते, अट एवढीच की लाईन खरोखर चालू असावी आणि तिचं पाणी प्रक्रिया केंद्रात पोचत असावं. ठाण्यात कोपरीच्या केंद्राची क्षमता रोज १२ कोटी लिटरची आहे. तुमच्या भागाचं पाणी कुठे जातं, हे मलनिःसारण विभागात लेखी विचारा. नाल्यातच जाणार असेल तर सोसायटीने खर्च करून काय मिळवलं?

आता टाकीची बाजू. सेप्टिक टँक मैला नाहीसा करतो असा समज आहे, तो चुकीचा. जड भाग तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे सरकतं. ते पाणी काळपट, वासाचं आणि जंतूंनी भरलेलंच असतं. पुस्तकात ते शोषखड्ड्यात मुरतं. ठाण्यात मुरणार कुठे? येऊरच्या पायथ्याकडे खाली काळा पाषाण, खाडीकडे चिकणमाती, आणि पावसाळ्यात दोन्हीकडे जमिनीत आधीच पाणी. म्हणून ओव्हरफ्लोचा पाईप हळूच बाहेरच्या पावसाळी गटारात सोडलेला सापडतो. तिथून नाला, आणि नाल्यातून तीच ठाणे खाडी, जिचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

थोडा हिशेब करू. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आणि त्याचं ८० टक्के सांडपाणी झालं, तर ४० फ्लॅटच्या, १६० माणसांच्या इमारतीतून रोज १७ हजार लिटरच्या वर पाणी बाहेर पडतं. एवढं पाणी दिवसभर थांबवून ठेवणारी टाकी जुन्या आवारात क्वचितच असते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी फक्त संडासाची लाईन टाकीत आणि मोरी-स्वयंपाकघराचं पाणी थेट गटारात असतं. जोडणी करताना हे पाणीही मलवाहिनीत घ्यावं लागतं. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये नेमकं तेच वगळलेलं असतं, कारण त्यासाठी इमारतीच्या मागची फरशी फोडावी लागते. गच्चीचं पावसाळी पाणी मात्र मलवाहिनीत सोडायचं नाही, ते वेगळंच राहू द्या.

टाकीच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. ती वीज मागत नाही आणि बाहेरची लाईन तुंबली तरी तुमचा संडास त्या क्षणी उलटत नाही. सखल भागात, भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस असेल तर भरलेल्या मॅनहोलचं पाणी तळमजल्याच्या भांड्यातून वर येऊ शकतं. म्हणून आवारातल्या शेवटच्या चेंबरवर (पाईप तपासायच्या झाकणाच्या खड्ड्यावर) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, आणि वर्षातून एकदा त्याची साफसफाई, हे दोन्ही ठरावात लिहून घ्या.

पण टाकी उपसण्याचा प्रश्न या फायद्यापेक्षा मोठा आहे. दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढावाच लागतो. सक्शनच्या गाडीचा पाईप तळाच्या घट्ट थरापर्यंत पोचला नाही की कुणीतरी 'आत उतरून ढकलून देतो' म्हणतो. तिथेच थांबवायचं. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काम ठेकेदाराला दिलं होतं म्हणून कमिटी सुटत नाही. सडलेल्या गाळातून निघणारा वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. मे २०१९ मध्ये ढोकाळीत एका संकुलाच्या मलप्रक्रिया टाकीत उतरलेले तीन कामगार दगावले. जोडणीनंतरही आवारातले चेंबर सोसायटीचेच राहतात, पण ते उथळ असतात, वरून बांबूच्या पट्टीने मोकळे होतात.

आता लेव्हल. पालिकेच्या मॅनहोलमधल्या पाईपचा तळ तुमच्या शेवटच्या चेंबरच्या तळापेक्षा खाली हवा, आणि मधल्या अंतरात उतार बसला पाहिजे. सहा इंची पाईपला साधारण शंभर फुटांना एक फूट. चाळीस फूट अंतर असेल तर पाच इंच उतार पुरतो. हे मोजायला कन्सल्टंट लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, एक टोक चेंबरवर, दुसरं मॅनहोलवर धरा, दोन्हीकडे पाण्याच्या रेषेपासून खाली पाईपच्या तळापर्यंत काठीने माप घ्या. मॅनहोलकडचं माप जास्त आलं की लाईन खाली आहे. झाकण उघडायला मात्र पालिकेचा माणूस बोलवा आणि माप वरूनच घ्या. हे माप कोटेशन मागवण्याआधी घ्यायचं. ठाण्यात रस्ते काँक्रीटचे होत होत उंच झाले आणि जुन्या इमारती खड्ड्यात गेल्या, त्यामुळे इथे अंदाज हमखास चुकतो.

उतार मिळत असेल तर मी सरळ जोडा म्हणेन, विशेषतः टाकीला चिरा गेल्या असतील तर. मरणाऱ्या टाकीवर दुरुस्तीचे पैसे घालू नयेत. उतार मिळत नसेल तर पाणी पंपाने चढवावं लागेल. त्यासाठी दोन पंप, विजेची सोय, आणि रात्री पंप बंद पडला तर धावणारा माणूस. अशा वेळी आधी मागच्या गल्लीतल्या लाईनला जोडता येतं का ते तपासा, आणि मापांसह पालिकेला पत्र द्या. नोटिशीला नुसतं 'परवडत नाही' म्हटलं तर काही होत नाही, मापांच्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. स्वतःचा छोटा एसटीपी, म्हणजे आवारातच सांडपाणी प्रक्रिया केंद्र, हा तिसरा पर्याय सभेत कुणीतरी काढतंच. घोडबंदरच्या मोठ्या संकुलांना तो झेपतो, ४० फ्लॅटना ऑपरेटरचा पगारच जड होईल.

नवी मुंबईत हा वाद सिडकोच्या सेक्टरांमध्ये फारसा दिसत नाही, कारण तिथे भूखंडाबरोबरच मलवाहिनी आली. तिथे प्रश्न उरतो तो गावठाणांचा आणि गरजेपोटी बांधलेल्या घरांचा. दोन घरांमधल्या बोळात पाईप टाकायलाच जागा नसते, त्यामुळे चार घरांनी मिळून एक सामाईक लाईन काढणं शहाणपणाचं.

पैशांचं बोलायचं तर पाईपपेक्षा रस्ता खोदाईची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क कधी कधी जास्त होतं. पावसाळ्यात खोदाई बंद असते, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारणाचा रकाना पाहा. तो कर तुम्ही आधीपासून भरत असाल तर पत्रात तेही लिहा. खर्च सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीतून, करायचा असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, कमिटीच्या बैठकीचं इतिवृत्त पुरत नाही.

जोडणी झाली की जुनी टाकी तशीच झाकून ठेवू नका. गाळ उपसून, धुऊन, तळाला भोकं पाडून ती मुरुमाने भरून घ्या, आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल हे भरणं पाहूनच द्या.