आख्ख्या बोटीचं भाडं आणि 'साइजप्रमाणे' पापलेट

मालवणला एकटे जाणार असाल, तर जेटीच्या रस्त्यावर "साहेब, सिंधुदुर्ग?" म्हणत कुणीतरी गाठणारच. पुढचा प्रश्न "एकटेच का?" असा आला की सावध व्हा. पुढचे सगळे दर त्या उत्तरावर ठरतात.

मला भेटलेला तरुण मोठा गोडबोल्या होता. "एकट्यासाठी बोट सुटत नाही हो. सीटा भरेपर्यंत तास-दीड तास जाईल, तोवर ओहोटी लागेल. आख्खी बोट करा, दीड हजारात नेऊन आणतो, वर गाईड फुकट." ओहोटीचं नाव काढलं की शहरातला माणूस काय वाद घालणार? त्याच्या मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर पैसे गेले. पावती नाही.

मी बोटीत बसलो आणि मागोमाग कोल्हापूरचं एक कुटुंब चढलं, मग कॉलेजची पोरं, मग दोन आजीबाई. सगळ्यांकडं जेटीवरच्या खिडकीतली तिकिटं. कोल्हापूरच्या काकांनी त्यांचं तिकीट दाखवलं. माणशी भाडं माझ्या 'आख्ख्या बोटी'च्या दहाव्या हिश्शाइतकंही नव्हतं. त्या पठ्ठ्यानं माझ्यासाठीही तसंच एक तिकीट काढून खलाशाच्या हातात दिलं होतं आणि स्वतः जेटीवर पुढचं गिऱ्हाईक हेरत उभा होता. खलाशाला विचारलं, तर "आमचो काय संबंध नाय." तेही खरंच म्हणा.

किल्ल्याबद्दल काय सांगू! २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी झाली. तटबंदी अशी वळवलेली, की दरवाजा समोर येईपर्यंत दिसत नाही. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, शिवराजेश्वराचं मंदिर, आणि चहूकडं खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव. यातलं मला किती दिसलं? दरवाजा, ठसे, मंदिर. 'फुकट' गाईडनं "बोट सुटेल, बोट सुटेल" करत अर्ध्या तासात परत आणलं आणि तीनशे रुपयांसाठी हात पुढं केला. बोट पुढं बराच वेळ तिथंच उभी. काका तिन्ही विहिरी बघून, तटावर फिरून निवांत आले. ४८ एकरांचा किल्ला अर्ध्या तासात बघायचा नसतो. बोट किती वाजता सुटणार, हे उतरतानाच खलाशाला विचारून घ्या, गाईडला नको.

खरा फटका जेवणात. गाईडनंच "आपल्या घरगुती खानावळीचा" पत्ता दिला होता. मेन्यूत थाळीसमोर ३५० आणि पापलेटासमोर नुसतं 'साइजप्रमाणे'. विचारलं तर, "ताजं आहे, लावून देतो." आला तो मासा रव्याखाली पार झाकलेला. शेपटीच्या बुडाशी बोट लागलं, तर खरखरीत काट्यांची ओळ टोचली. पापलेटाला ती नसते, हलव्याला असते. लहानपणी ठाण्याच्या मासळी बाजारात आईची पिशवी धरून उभा राहिलोय, एवढं तर कळतं. हलवा वाईट नव्हे, मला आवडतोच. पण पापलेटाच्या भावात का खायचा? मालकांना सांगितलं, तर थंडपणे म्हणाले, "काळं पापलेटच आहे ना साहेब ते." शेजारच्या टेबलावर सहा-सात जण होते. त्यांना आधी कच्चे मासे ताटात आणून दाखवले होते, भाव सांगून. आम्हाला नाही. एकट्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलायला टेबलावर दुसरं असतं कोण!

सोलकढी मात्र झकास होती, खोटं कशाला बोलू.

तेव्हा तिकीट फक्त जेटीवरच्या खिडकीतून, स्वतःच्या हातानं. एकट्यालाही मिळतं. रस्त्यात भेटलेल्याच्या मोबाइलवर पैसे टाकू नका. मासा तव्यावर जाण्याआधी बघा आणि त्याच माशाचा आकडा विचारा. 'बघून सांगतो' म्हणाले, तर सरळ थाळीतल्या बांगड्यावर भागवा. मालवणात तोही काही कमी नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे. बोटीच्या दीड हजाराचा क्यूआर व्यवहार तरी दाखवता आला. खानावळीच्या बिलावर 'फिश फ्राय – ९५०' एवढंच आहे, कुठला मासा ते नाही. बिलावर माशाचं नाव घालून घ्या, आणि ते पैसे देण्याआधी.