कृष्णद्रव्य: धडका फक्त आपसात, की आपल्याशीही?

पहिला पर्याय: कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचे कण फक्त एकमेकांवर आदळतात, आपल्या साध्या द्रव्याला ओळखही देत नाहीत. आपसातल्या धडकांनाही मर्यादा आहेच. बुलेट क्लस्टरमध्ये दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून गेले, तप्त वायू मागे रखडला, कृष्णद्रव्य सरळ पुढे निघालं. त्यावरून मर्यादा: कृष्णद्रव्याच्या दर ग्रॅममागे धडकेसाठीचं क्षेत्रफळ फार तर साधारण १ चौरस सेंटीमीटर.

दुसरा: धडका घडवणारा हलका मध्यस्थ कण आपल्या अणुकेंद्रकांनाही निसटता स्पर्श करतो. तोच टिपायला साउथ डकोटात, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, एलझेड या कृष्णद्रव्य शोधणाऱ्या प्रयोगाच्या टाकीत ७ टन द्रवरूप झेनॉन ठेवलाय. २०२४च्या निकालात हाती भोपळा!

तरी माझा कल दुसऱ्याकडेच. मध्यस्थ पूर्ण अलिप्त असेल, तर त्याचा क्षय कशात होणार, म्हणजे तो मोडून कुठले कण बनणार? विश्वात नुसता साचत जाईल. आपल्याशी जोडणारा धागा असावा, पण फार बारीक.