मुंबईच्या हॉलसाठी प्रोजेक्टर: साधा की अल्ट्रा शॉर्ट थ्रो?

१०० इंची, १६:९ चित्राची रुंदी साधारण सव्वासात फूट. साध्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (लेन्स ते पडदा अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल, तर लेन्स पडद्यापासून जवळपास ११ फूट मागे हवी. १० बाय १५ च्या हॉलमध्ये लांबीच्या बाजूने हे बसतं, पण मधे पंखा येतो. छताला लावताना पाइप इतका खाली घ्या, की प्रकाश पात्यांखालून जाईल. नाहीतर चित्रावर सावल्या फिरतात. तिरकेपणा कीस्टोनने (चित्र डिजिटल पद्धतीने सरळ करायच्या सेटिंगने) झाकू नका, पिक्सेल वाया जातात.

अल्ट्रा शॉर्ट थ्रो (रेशो ०.२५) टीव्ही युनिटवरच मावतो. छतात ड्रिल नाही, भाड्याच्या घरात हे मोठं सुख. पण त्याचा प्रकाश भिंतीला घासत वर चढतो, त्यामुळे पुट्टीचा बारीक फुगवटाही सरळ रेषा वाकवतो. गुंडाळायचा साधा पडदा तर लाटाच दाखवतो. म्हणून फ्रेमवर ताणलेला, अल्ट्रा शॉर्ट थ्रोसाठीचाच सीएलआर (वरून पडणारा खोलीतला उजेड अडवणारा) पडदा घ्या आणि तो खर्च धरूनच किंमत ताडा.

दिवसा क्रिकेट बघायचं असेल तर अल्ट्रा शॉर्ट थ्रोच. फक्त रात्री सिनेमे, तेही स्वतःच्या घरात, तर आमचं मत साध्याला: त्याच पैशात चित्र सरस मिळतं.

पावसाळ्यात कुठलाही प्रोजेक्टर बंद कपाटात कोंडू नका, लेन्सला बुरशी धरते.