भारताने दिलेले बियाणे शोधताना: ‘जेनेसिस’ या जागतिक सूचीचे परीक्षण

ज्वारी, तूर, हरभरा, भात, बाजरी या पिकांचे आपल्याकडचे किती वाण आंतरराष्ट्रीय जनुकपेढ्यांत, म्हणजे बियाण्यांचे नमुने जपून ठेवणाऱ्या केंद्रांत, जाऊन पडले आहेत, हा प्रश्न देशी बियाण्यांविषयीच्या कोणत्याही बैठकीत निघतोच. उत्तरे मात्र दोन टोकांची येतात. कोणी म्हणते की आपले सगळे बियाणे बाहेर गेले. कोणी म्हणते की ते तिथेच सुरक्षित आहे, काळजीचे कारण नाही. यादी दोघांपैकी कोणाच्याही हातात नसते. ती यादी सामान्य माणसाला पाहता येण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे ‘जेनेसिस’ ही संकेतस्थळावरील सूची होय. देशी वाणांच्या नोंदी ठेवण्याच्या कामासाठी मी ती वर्षभर वापरली, आणि भारताचे योगदान समजून घेण्यासाठी ती किती उपयोगी पडते, एवढ्याच अंगाने हे परीक्षण लिहीत आहे.

जर्मनीतील बॉन येथे मुख्यालय असलेली, पिकांचे वैविध्य जपण्यासाठी काम करणारी क्रॉप ट्रस्ट ही संस्था ही सूची चालवते. जगभरातील जनुकपेढ्यांनी कळवलेल्या ४० लाखांहून अधिक नमुन्यांची माहिती तीत एकत्र केलेली आहे. प्रत्येक नमुन्याची एक ‘पासपोर्ट’ नोंद असते. पीक आणि प्रजाती कोणती, नमुना कोणत्या देशातून आला, कोणत्या संस्थेकडे आहे, केव्हा गोळा केला, तो रानटी आहे, पारंपरिक वाण आहे की सुधारित, आणि माहिती उपलब्ध असल्यास अक्षांश-रेखांश, एवढे त्या नोंदीत येते. पाहण्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि निवडलेल्या नोंदी तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येतात.

सुरुवातीलाच एक इशारा देणे आवश्यक आहे, कारण या ठिकाणी मी स्वतः दोन दिवस चुकीचे आकडे मांडत बसलो होतो. सूचीत ‘मूळ देश’ आणि ‘नमुना बाळगणाऱ्या संस्थेचा देश’ अशा दोन वेगळ्या चाळण्या (फिल्टर) आहेत. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था भारतात असल्यामुळे तिच्या संकेतांकाची सुरुवात भारताच्या अक्षरांनी होते, आणि दुसरी चाळणी लावली की तिच्याकडचे इथिओपिया, सुदान, नायजेरिया येथून आलेले नमुनेही भारताच्या खात्यात दिसू लागतात. उलट भाताच्या बाबतीत आपले बहुतेक महत्त्वाचे आंतरराष्ट्रीय नमुने फिलिपाइन्समधील लोस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, म्हणजे ‘इरी’त आहेत, आणि त्या चाळणीने ते सगळे निसटतात. देशाचे योगदान पाहायचे असेल तर ‘मूळ देश’ हीच चाळणी लावावी आणि सोबत ‘पारंपरिक वाण’ व ‘रानटी’ हे प्रकार निवडावेत. मग जे समोर येते ते पाहून माणूस काही वेळ स्तब्ध होतो.

इक्रिसॅटच्या जनुकपेढीत १४४ देशांतून आलेले सव्वा लाखाहून अधिक नमुने आहेत आणि त्यांत भारताचा वाटा फार मोठा आहे. तुरीचे तेरा हजारांहून अधिक नमुने तेथे आहेत, आणि त्यांपैकी बहुसंख्य भारतीय आहेत, जे स्वाभाविकच आहे, कारण तुरीचे मूळ घरच हे. ज्वारीच्या संग्रहाचा इतिहास मात्र निराळा आहे आणि तो सूचीतील एका साध्या क्रमांकामागे लपलेला आहे. १९६० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भारतात ज्वारीचा जागतिक संग्रह उभा राहिला आणि त्यात सोळा हजारांहून अधिक नमुने जमले. १९७२ मध्ये इक्रिसॅटची स्थापना झाल्यावर त्यांपैकी सुमारे नऊ हजार नमुने १९७४ मध्ये हैदराबादच्या राजेंद्रनगरहून तिच्याकडे आले; उरलेल्यांपैकी काही हजार अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठ आणि फोर्ट कॉलिन्स येथे ठेवलेल्या प्रतींतून मिळवावे लागले. म्हणजे परदेशात गेलेली प्रत हीच त्या वेळी परतीची वाट ठरली. ‘बियाणे बाहेर गेले’ असे सरसकट म्हणताना ही घटना विसरता कामा नये असे मला वाटते.

मालदांडी शोधल्याशिवाय कोणत्याही मराठी माणसाचे समाधान होणार नाही. रब्बी ज्वारीचा हा देशी वाण. त्यातून सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवड करून ‘एम ३५-१’ हा वाण तयार झाला आणि आजही त्याच्या भाकरीशी तुलना केल्यावाचून नव्या वाणाचे कौतुक कोणी मान्य करत नाही. परंतु याच्यापुढची गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. संकरित ज्वारीसाठी नरवंध्य, म्हणजे स्वतःचे परागकण निकामी असलेला, मादी वाण लागतो, आणि अशी नरवंध्यता देणाऱ्या पेशीद्रव्याच्या (पेशीतील केंद्रकाबाहेरच्या द्रव्याच्या) प्रकारांपैकी एकाला जगभरच्या ज्वारी पैदासकारांनी ‘मालदांडी’ हेच नाव दिलेले आहे. आपल्या माळरानावरचा एक शब्द अशा रीतीने शास्त्राच्या परिभाषेत कायमचा बसला आहे. सूचीतील नोंद हे काहीही सांगत नाही. ती फक्त नाव, देश आणि क्रमांक दाखवते, आणि पुढचा धागा वाचकाला संशोधनपर लेखनातून स्वतःच जुळवावा लागतो.

असे धागे भातात सर्वांत अधिक सापडतात. ‘ओरायझा निवारा’ या रानभाताचा, १०१५०८ क्रमांकाचा, उत्तर प्रदेशातून आलेला इरीतील नमुना हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तपकिरी तुडतुड्यांमुळे पसरणाऱ्या ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूरोगाने १९७० च्या सुमारास आशियातील नव्या बुटक्या भातवाणांना ग्रासले, तेव्हा इरीने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले आणि प्रतिकारशक्ती सापडली ती या एका रानटी नमुन्यात, तीही त्यातील मोजक्याच रोपांत. इरीतील भातपैदासकार गुरदेव खुश यांच्या चमूने ती पुढे वाणांत उतरवली, आणि १९७६ मध्ये आलेला ‘आयआर ३६’ हा वाण एके काळी जगात सर्वाधिक क्षेत्रावर पेरला जाणारा भात ठरला. ज्याला शेतकरी तण म्हणून उपटून टाकतो त्या गवताची ही कामगिरी आहे.

ओडिशातील एका देशी वाणातून निवडलेला ‘एफआर १३ए’ पाण्याखाली सुमारे दोन आठवडे तग धरतो. त्यातील ‘सब १ए’ हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले, ते आंध्र प्रदेशातून आलेल्या लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात उतरवले गेले, आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब १’ भारतातच प्रसारित झाला. पूरप्रवण पूर्व भारतातून निघालेला गुण फिलिपाइन्स आणि अमेरिकेतील प्रयोगशाळा पाहून पुन्हा त्याच पाण्यात परत आला. आसामशी जोडलेल्या ‘कसलथ’ या वाणातून कमी स्फुरदाच्या जमिनीत मुळे वाढवणारे जनुक २०१२ मध्ये प्रकाशात आले, आणि केरळच्या खाजणांतील ‘पोक्कली’ हा खारेपणा सोसणाऱ्या भाताचा जगभर आधार मानला जातो. १९६७ ते १९७२ या काळात ईशान्य भारतात गोळा केलेल्या सहा हजारांहून अधिक भातांचा ‘आसाम राइस कलेक्शन’ हा संग्रह तर स्वतंत्र लेखाचाच विषय आहे. त्याचे ‘एआरसी’ क्रमांक तुडतुडे आणि गादमाशी यांच्या प्रतिकाराविषयीच्या लेखनात वारंवार भेटतात.

माहितीच्या गुणवत्तेविषयी माझे समाधान अपुरे आहे. सूची स्वतः माहिती तयार करत नाही, पेढ्या देतात तीच दाखवते, आणि जुन्या नमुन्यांच्या काळी उपग्रहाधारित स्थाननिश्चिती नव्हती, हे मान्य केले पाहिजे. १९४७ पूर्वी गोळा केलेल्या नमुन्यांपुढे ‘भारत’ लिहिलेले असेल तर तो आजच्या पाकिस्तानातला किंवा बांगलादेशातलाही असू शकतो. ‘सोलापूर’ शोधून काही हाती लागले नाही म्हणून निराश होऊ नये. जुन्या इंग्रजी वळणाने ‘शोलापूर’, आणि पुण्यासाठी ‘पूना’, असेही शोधावे. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली एक नोंद मला आढळली आणि त्यामुळे सोलापूर भागातला तो नमुना नकाशावर उत्तर ध्रुवाजवळ, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेकडील समुद्रात दिसत होता. ज्या पेढीची ती नोंद होती तिला मी कळवले. उत्तर येण्यास बराच काळ लागला.

याहून मोठी उणीव अशी की नोंदीत शेतकऱ्याला जागा जवळजवळ नाही. गोळा करणाऱ्या संस्थेचा संकेतांक असतो, तारीख असते, क्वचित गाव असते. पण ज्या घराने ते बियाणे मडक्यात राख घालून, कणगीत कडुलिंबाचा पाला टाकून पिढ्यान्‌पिढ्या राखले त्या घराचा मागमूस नसतो. भारताचे योगदान म्हणून आपण जे मोजतो ते मुळात अशा लाखो घरांचे, आणि बहुतांशी त्या घरांतील बायकांचे, योगदान आहे. माझी ही तक्रार एखाद्या संकेतस्थळापुरती नसून नोंदी ठेवण्याच्या एकूण पद्धतीविषयी आहे, आणि ती मला मनापासून खुपते.

नमुना मागवण्याची सोयही सूचीत आहे. निवडलेले नमुने यादीत टाकून विनंती पाठवता येते आणि ती संबंधित पेढीकडे जाते. मिळणारे बियाणे अगदी थोडे, वाढवून घेण्यापुरते असते, आणि त्यासोबत प्रमाणित साहित्य हस्तांतरण करार, म्हणजे बियाणे वापरण्याच्या अटींचा ठरावीक करार, स्वीकारावा लागतो. हा करार अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकसंपत्तीविषयीच्या, २००४ मध्ये अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेला आहे. भारताने त्याला तो अंमलात येण्याआधीच, २००२ मध्ये, मान्यता दिली होती. मिळालेल्या स्वरूपातील बियाण्यावर इतरांची वाट अडवणारा बौद्धिक हक्क सांगता येत नाही. त्यापासून तयार केलेला वाण कोणी संशोधनासाठी इतरांना बंद केला, तर विक्रीतून ३० टक्के वजा करून उरलेल्या रकमेच्या १.१ टक्के इतकी रक्कम लाभवाटप निधीत भरावी लागते. ती रक्कम मूळ देशाला थेट मिळत नाही, सामाईक निधीतून विकसनशील देशांतील शेतकऱ्यांच्या प्रकल्पांना दिली जाते, हे वाचकाने नीट समजून घ्यावे, कारण याविषयी अनेकांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. परदेशी पेढीतून बियाणे आणायचे असल्यास दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचा आयात परवाना आणि त्याच्याकडील विलगीकरण तपासणी अनिवार्य आहे. हौशी लागवडीसाठी हा मार्ग नाही. कृषी विद्यापीठे, पैदासकार आणि गंभीरपणे काम करणाऱ्या बीजसंवर्धन गटांनीच त्याचा विचार करावा.

भारताचा स्वतःचा राष्ट्रीय संग्रह, ज्यात साडेचार लाखांच्या आसपास नमुने आहेत, तो पाहण्यासाठी ब्यूरोचे स्वतंत्र पीजीआर (वनस्पती जनुकसंपत्ती) पोर्टल वापरावे. दोन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवल्यास एखादा वाण कुठे कुठे आहे याचे चित्र अधिक पूर्ण होते. सूचीचा वापर करण्यासाठी कामापुरते इंग्रजी आणि पिकांची शास्त्रीय नावे माहीत असणे आवश्यक आहे. कृषी पदविकेचा विद्यार्थी थोड्या सरावाने ती सहज हाताळू शकेल. उणिवा लक्षात घेऊनही मी तिला पाचपैकी चार गुण देईन, कारण ज्या विषयावर आजवर केवळ आवेशाने बोलले जात होते त्यावर आता क्रमांक दाखवून बोलता येते.

मालदांडीच्या ज्या नोंदींत गावाचे नाव दिलेले आहे त्यांची यादी मी उतरवून घेतली आहे. येत्या पौषात, शेतात कणसे भरलेली असताना, त्या गावांत जाऊन तोच वाण अजून कोणाच्या घरी पेरला जातो का, आणि त्याला तिथे काय म्हणतात, हे विचारून मी प्रत्येक क्रमांकापुढे लिहिणार आहे.