सोसायटीच्या एसटीपीचा गाळ: बागेत, सिमेंटच्या भट्टीत की सुरक्षित भरावात?

वडोदऱ्यात वाघोडिया रोड, मांजलपूर या भागांतील स्वतःचे एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र) असलेल्या सोसायट्यांमधील आपल्या मराठी कमिटी-सदस्यांनी वाळलेल्या गाळाचा निर्णय घेताना जंतू आणि जड धातू हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. गाजरावाडीत १९९२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने गॅमा किरणांचा मारा करून गाळ निर्जंतुक करण्याचे काम झाले असल्यामुळे असा गाळ सर्वस्वी निर्धोक, असे सहज वाटते. परंतु कोबाल्ट-६० च्या या गॅमा किरणांनी जंतू मरतात, कॅडमियम, शिसे आणि क्रोमियम मात्र जसेच्या तसे राहतात.

कंपोस्टचेही तेच. किंबहुना सेंद्रिय भाग कुजून वजन घटते आणि धातू तेवढेच राहतात, त्यामुळे किलोमागे त्यांचे प्रमाण वाढते.

म्हणून आधी तपासणी. गाळ वाळवण्याच्या वाफ्यातील अनेक ठिकाणचा गाळ प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करावा. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरल्यास नमुन्यात तिचेच जस्त उतरते. अहवाल कोरड्या वजनावर मागावा, कारण ८० टक्के पाणी असलेल्या गाळात किलोमागे २ मिलिग्रॅम दिसणारे कॅडमियम कोरड्या वजनावर १० भरते. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५, निकेल ५०, क्रोमियम ५०, शिसे १०० आणि जस्त १००० मिलिग्रॅमपर्यंत चालते. अमेरिकेत शेतात निर्धास्त वापरायच्या गाळालाही कॅडमियमची मर्यादा ३९ आहे. तरी माझ्या मते आपण आपलीच कडक मर्यादा धरावी.

गाळ या मर्यादेत बसला तर हिरवळ आणि फुलझाडांसाठी तो उत्तम आणि स्वस्त. पालक, मेथीच्या वाफ्यात मात्र तो घालू नये, कारण पालेभाज्या कॅडमियम चटकन शोषतात. अल्कधर्मी काळ्या मातीत धातू बरेचसे अडकून राहतात, पण जात नाहीत. दरवर्षी त्यांत भर पडते.

मर्यादेबाहेर गेला तर सिमेंटची भट्टी मला अधिक पसंत आहे: बहुतेक धातू क्लिंकरमध्ये (भट्टीतून निघणाऱ्या, दळून सिमेंट करायच्या खड्यांत) बांधले जातात. पारा मात्र वायूबरोबर निसटतो, गाळ चांगला वाळवावा लागतो आणि एका सोसायटीचा थोडासा माल पाठवणे परवडत नाही, तेव्हा चार सोसायट्यांनी मिळून करार करावा. पारा जास्त निघाल्यास अस्तर घातलेला, झिरपलेले पाणी गोळा करणारा सुरक्षित भराव, म्हणजे घातक कचरा पुरण्याची खास जागाच योग्य. तो महाग आहे आणि त्यात गाळातील नत्र-स्फुरद वाया जाते, तरीही साध्या कचरा डेपोत हा गाळ मुळीच टाकू नये, कारण कुजणाऱ्या कचऱ्याच्या आम्लात धातू विरघळून भूजलाकडे जातात.